वास्तू दिसते, शाळा दिसत नाही

नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर निफाड मागे पडले की थोड्या वेळाने विंचूर लागते. उत्तरेला चार-पाच किलोमीटरवर लासलगावची कांद्याची बाजारपेठ, पूर्वेला येवल्याचे पैठणीचे माग, आणि गावाजवळच द्राक्षांपासून वाइन करणाऱ्या कारखान्यांसाठी औद्योगिक विकास महामंडळाने वसवलेले वाइन पार्क. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही काही शिक्षक या रस्त्याने जात असताना चहासाठी थांबलो. समोर एक नवे दुकान होते. दर्शनी बाजू वरपासून खालपर्यंत निळसर काचेची. दुपारचे दोन वाजले होते. आत दोन पंखे आणि एक कूलर चालू होता, आणि काचेला आतून वर्तमानपत्रे चिकटवलेली होती. ऊन आत येऊ नये म्हणून काच झाकायची आणि अंधार होतो म्हणून दिवसा दिवे लावायचे, असा तो प्रकार होता. दुकानदाराला विचारले, "मग काच कशाला बसवली?" तो म्हणाला, "शोभा येते, गुरुजी."

या शोभेचे मूळ शोधायचे तर बरेच दूर, जर्मनीतल्या देसाऊ या शहरात जावे लागते. तेथे ४ डिसेंबर १९२६ रोजी एका शाळेच्या इमारतीचे उद्घाटन झाले. शाळेचे नाव बाऊहाऊस, वास्तुशिल्पी वाल्टर ग्रोपियस. इमारतीच्या कार्यशाळांच्या बाजूला तीन मजले उंचीची सलग काचेची भिंत आहे. भार वाहण्याचे काम सिमेंट-काँक्रीटचे खांब करतात. काच त्यांच्या बाहेरून पडद्यासारखी लावलेली आहे. आधुनिक वास्तुकलेच्या कोणत्याही पुस्तकात हे छायाचित्र असतेच. ही इमारत १९९६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. विंचूरच्या दुकानदाराने ती पाहिलेली नाही, पण नाशिक, पुणे आणि मुंबईतल्या काचेच्या इमारती त्याने पाहिलेल्या आहेत. त्या ज्यांनी बांधल्या त्यांच्या शिक्षणात हे छायाचित्र नक्की होते.

आमची तक्रार छायाचित्राविषयी नाही. ज्या कोनातून ते काढले जाते त्या कोनाविषयी आहे. देसाऊची इमारत एका शाळेची नाही, दोन शाळांची आहे. एका अंगाला काचेच्या भिंतीच्या कार्यशाळा आहेत. मधून रस्ता जातो. रस्त्यावरून दोन मजली पूल टाकलेला आहे. आणि पुलाच्या पलीकडे, उत्तरेकडच्या अंगात, देसाऊ नगरपालिकेची धंदेशिक्षणशाळा होती. शहरातील कारागिरांच्या हाताखाली काम शिकणारी मुले जेथे गणित, रेखाटन आणि आपल्या धंद्याचे शास्त्र शिकतात, तशी साधी शाळा. इमारतीचा खर्च शहराने केला तो दोन्ही शाळांसाठी. आज जगभरातून लोक ही वास्तू पाहायला येतात, तिच्यावर पुस्तके लिहितात. पण पुलापलीकडच्या शाळेचे नाव त्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

वास्तू डोळ्यांत भरते आणि त्या वास्तूत काय शिकवले जात होते ते नजरेआड होते, हा दोष आमच्या मते केवळ पर्यटकांचा नाही. समीक्षकांचा आहे, आणि शाळेच्या सहली नेणाऱ्या आम्हा शिक्षकांचाही आहे.

पुलावर कोण बसले होते?

बाऊहाऊसची स्थापना १९१९ साली वायमार येथे झाली. तेव्हाच्या जाहीरनाम्यात ग्रोपियसने कलावंतांना कारागिरीकडे परत यायला सांगितले होते. कलावंत आणि कारागीर यांच्यातली भिंत पाडायची हा त्याचा हेतू होता, आणि तो प्रामाणिक होता याविषयी आम्हाला शंका नाही. वायमारला प्रत्येक कार्यशाळेत दोन गुरू असत. एक आकाराचा, म्हणजे बहुधा चित्रकार. दुसरा कामाचा, म्हणजे सुतार, कुंभार, विणकर, लोहार. मुलांनी दोघांकडून शिकायचे. कल्पना फार चांगली. पण शाळेचा कारभार ज्या गुरुमंडळात ठरे तेथे निर्णयाचे मत आकाराच्या गुरूंना होते. कामाचे गुरू सल्ला देऊ शकत, एवढेच. कारागिरीचा जयघोष करणाऱ्या शाळेतही कारागिराची खुर्ची मागच्याच रांगेत राहिली. मुलींनी अर्ज केला की त्यांची रवानगी बहुतेक वेळा विणकामाच्या कार्यशाळेत होई, हेही सांगितले पाहिजे. पुढे त्याच कार्यशाळेने बाऊहाऊसचे नाव राखले आणि गुंटा श्ट्योल्त्सल ही तेथील विद्यार्थिनी तिची प्रमुख झाली, तो भाग वेगळा.

देसाऊच्या इमारतीत हा पेच दगडविटांत उभा राहिलेला दिसतो. पुलाच्या एका टोकाला नावाजलेली कलाशाळा, दुसऱ्या टोकाला नगरपालिकेची धंदेशाळा. दोन्हींना जोडणारा पूल आहे हे खरेच. पण पुलावर वर्ग नव्हते. तेथे प्रशासनाची कचेरी होती, आणि १९२८ पर्यंत खुद्द ग्रोपियसचे वास्तुरचनेचे कार्यालय होते. दोन शाळांची मुले एकमेकांकडे जाणार तर कचेरीतून! आपल्याकडच्या शिक्षकांना या मांडणीचे फारसे आश्चर्य वाटू नये.

गंमत अशी की इमारत म्हणून पाहिले तर धंदेशाळेचे अंग आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते. तेथे काच आडव्या पट्ट्यांत आहे. बाकाच्या उंचीपर्यंत भिंत, वर खिडक्यांची ओळ, मग पुन्हा भिंत. वहीवर उजेड पडतो आणि खोलीची भट्टी होत नाही. कार्यशाळांच्या सलग काचेचे तसे नव्हते. उन्हाळ्यात आत उकडे, हिवाळ्यात गारठा.

याचे कारण नववीच्या मुलाला सांगता येण्याजोगे आहे. काचेतून सूर्याचा दृश्य प्रकाश आणि त्यालगतच्या अवरक्त लहरी सहज आत येतात. जमीन, बाके, माणसे ते शोषून तापतात आणि स्वतः उष्णता बाहेर टाकतात. परंतु या उष्णतेच्या लहरी लांब असतात आणि काच त्यांना पलीकडे जाऊ देत नाही. शिवाय तापलेली हवा आत कोंडलेली असते. थंडीत उलटा तोटा होतो. एकेरी काच पातळ, तिच्यातून वहनाने उष्णता भराभर निघून जाते. जर्मनीत वर्षातले बरेच महिने आभाळ भरलेले असते, उन्हाची तिरीप हवीहवीशी वाटते, म्हणून तेथे ही भिंत निदान काही महिने सुखाची. विंचूरला एप्रिलमध्ये तिला वर्तमानपत्रेच चिकटवावी लागणार. देसाऊची नक्कल करताना आपण नेमके न घेण्याजोगे तेवढे घेतले, आणि पुलापलीकडची शाळा व तिच्या आडव्या खिडक्या तेथेच ठेवल्या.

या काचेचा पुढचा इतिहासही बोलका आहे. नाझींचे वर्चस्व झालेल्या नगरसभेने १९३२ साली देसाऊतील बाऊहाऊस बंद केले. बर्लिनमध्ये ते कसेबसे वर्षभर तगले. मार्च १९४५ मधल्या बाँबवर्षावात कार्यशाळांची काचेची भिंत नष्ट झाली, आणि युद्धानंतरच्या ओढगस्तीत त्या जागी विटांचे बांधकाम करून त्यात लहान खिडक्या ठेवण्यात आल्या. त्या खिडक्यांमागे शाळा भरत होत्या. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९७६ साली इमारतीला पन्नास वर्षे होताना काचेची भिंत पुन्हा उभारली. वास्तूचे रूप परत आले याचा आनंद आम्हालाही आहे. पण विटा आणि लहान खिडक्यांच्या त्या तीस वर्षांत तेथे बसून शिकलेली मुले वास्तूच्या इतिहासात कोठे येतात? सहसा ‘दुरवस्थेचा काळ’ या दोन शब्दांत येतात.

बोरीबंदरची पाने-फुले

दुसऱ्यांच्या घरातले दोष काढून झाले. आता आपल्या घरात पाहू.

मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. जमशेटजी जीजीभॉय यांनी तिच्यासाठी एक लाख रुपये देऊ केले होते. आज आपण तिला चित्रकारांची शाळा म्हणून ओळखतो. पण देणगी देणाऱ्याच्या मनात चित्रांची प्रदर्शने नव्हती. देशी कारागिरांना नवे तंत्र शिकवावे, त्यांची उपजीविका सुधारावी, असा तो विचार होता. म्हणजे ती मुळात धंदेशिक्षणाची शाळा. १८६५ साली तेथे लॉकवुड किपलिंग हा शिक्षक आला. तो वास्तूंवरच्या शिल्पकामाचा जाणकार होता आणि १८७५ पर्यंत मुंबईत राहिला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पे त्याची आहेत. शाळेची सध्याची इमारत १८७८ची.

त्याच १८७८ साली बोरीबंदरला नवे रेल्वेस्थानक बांधायला सुरुवात झाली. ते १८८८ साली पूर्ण झाले. वास्तुशिल्पी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. हेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. २००४ साली जागतिक वारसा ठरले. त्याच्या भिंतींवर, कमानींवर आणि खांबांच्या माथ्यांवर पाने, फुले, पशुपक्षी कोरलेले आहेत. रोज लाखो लोक त्यांच्या खालून धावतात. ही कोरीव सजावट मोठ्या प्रमाणात जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केली. मुख्याध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली शाळेचा अभ्यास आणि शहराचे बांधकाम एकाच वेळी चालू होते. मुले शाळेत नमुना घडवीत, आणि तो दगडात जाऊन शहराच्या सर्वांत मोठ्या इमारतीवर बसे. ज्याला जर्मन लोक आज द्विदल पद्धत म्हणतात, म्हणजे अर्धे शिक्षण वर्गात व अर्धे कामावर, ती आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून आधी घडलेली आहे.

पण येथेही वाटणी होतीच. घुमटावरचा ‘प्रगती’चा पुतळा थॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराचा. ‘प्रगती’ साहेबाने कोरायची, पाने-फुले आपल्या मुलांनी. स्टीव्हन्सचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सापडते. कोरणाऱ्या मुलांपैकी एकाचेही नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येणार नाही. आणि जे. जे.च्या आवारात सहल गेली की मार्गदर्शक काय दाखवतो? लॉकवुडचा मुलगा रुडयार्ड किपलिंग १८६५ साली येथे जन्मला ती जागा. बापाने येथे दहा वर्षे काय शिकवले याची चौकशी कोणी करत नाही.

मुंबईने १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियम केले. असे करणारे ते देशातले पहिले शहर. वास्तूंच्या श्रेणी ठरल्या, परवानग्यांची पद्धत ठरली. हे फार आवश्यक काम होते. परंतु यादीत वास्तू येते, ती वास्तू दुरुस्त करू शकणारा हात येत नाही. शंभर वर्षांपूर्वीचे कोरीवकाम दुरुस्त करायचे म्हटले की पाथरवट कोठून आणायचा हा प्रश्न पडतो, आणि तो प्रश्न ज्या शाळेच्या मुलांनी ते काम केले तिच्या मुलांनाही आता सोडवता येत नाही.

नाशिककरांना या संदर्भात एक नाव आठवले पाहिजे. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म त्र्यंबकेश्वर, १८७०. ते १८८५ साली जे. जे.मध्ये शिकायला गेले. पुढे १८९० साली बडोद्याच्या कलाभवनात. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी त्याच वर्षी ते सुरू केले होते. रंगकाम, वीणकाम, यंत्रकाम असे धंदे तेथे देशी भाषांतून शिकवावेत असा गज्जरांचा आग्रह होता, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर जर्मनीतल्या तंत्रशाळा होत्या. फाळके तेथे चित्रकला, साचेकाम आणि छायाचित्रण शिकले. पुढे छपाईच्या धंद्यात असताना रंगीत छपाईचे तंत्र समजून घ्यायला १९०९ साली स्वतः जर्मनीला गेले. आपण त्यांना चित्रपटाचे जनक म्हणून मुलांना शिकवतो. दोन धंदेशिक्षणशाळा, एक छापखाना आणि जर्मनीतले यंत्र, या वाटेने ते चित्रपटापर्यंत पोचले हे शिकवत नाही. जणू काही प्रतिभा आकाशातून पडली!

गवंड्याचे भय

जर्मन पद्धतीची स्तुती आपल्याकडे समित्यांच्या अहवालांत वारंवार येते, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द. म्यूनिक शहराच्या शाळांचा कारभार १८९५ साली गेओर्ग केर्शेनस्टायनर या गणिताच्या शिक्षकाकडे आला. शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलांसाठी तेथे पूरक वर्ग चालत. त्यांत जुनेच धडे पुन्हा घोटले जात, आणि मुले कंटाळत. केर्शेनस्टायनरने हे वर्ग धंद्यांनुसार वेगळे केले. सुताराच्या मुलांचा वर्ग वेगळा, खाटकाच्या मुलांचा वेगळा. आणि गणित, रेखाटन, वाचन, नागरिकशास्त्र हे त्या त्या धंद्यातून काढून शिकवायचे. शाळेतच कार्यशाळा. पुढे १९६९च्या कायद्याने या सगळ्याला देशभर चौकट मिळाली. आज मूल आठवड्याचे तीन-चार दिवस एखाद्या आस्थापनेत पगारी उमेदवारी करते आणि एक-दोन दिवस धंदेशाळेत जाते. असे तीनशेहून अधिक व्यवसाय आहेत. मुदत दोन ते साडेतीन वर्षे. पुढे परीक्षा देऊन ‘माइस्टर’ होता येते, आणि त्या पदवीला समाजात वजन आहे. फुल्डा शहराजवळ योहानिसबेर्ग येथे जुन्या ख्रिस्ती मठाच्या वास्तूतच जुन्या इमारतींच्या जतनाचे शिक्षण दिले जाते. गवंडी, सुतार, रंगारी तेथे येऊन शिकतात. तेथे शाळेची इमारत हेच पाठ्यपुस्तक आहे.

सगळेच गोड आहे असे नाही. जर्मनीच्या बऱ्याच प्रांतांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षीच, मूल कोणत्या प्रकारच्या शाळेत जाणार ते ठरते. दहा वर्षांच्या मुलाविषयी इतक्या खात्रीने निर्णय घेणारे शिक्षक आम्हाला भीतिदायक वाटतात. गरीब घरातल्या आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना त्याचा फटका बसतो, आणि हा वाद तेथे अजून मिटलेला नाही.

परंतु आपण दहाव्या वर्षी निवड करत नाही म्हणून आपण अधिक उदार आहोत, असे कोणी समजू नये. आपण निवड दररोज करतो. "अभ्यास कर, नाहीतर गवंड्याच्या हाताखाली जाशील." हे वाक्य कोणत्या वर्गात उच्चारले गेले नाही? आम्हीही उच्चारले आहे. एकदा त्या वर्गात पुढच्या बाकावर गवंड्याचा मुलगा बसलेला होता, हे आमच्या ध्यानात तास संपल्यावर आले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो मागच्या बाकावर जाऊन बसला होता.

त्यामुळे कार्यानुभवाच्या तासाचे आपण काय केले आहे, ते सांगताना दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हाला नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला हस्तोद्योगातून शिक्षणाची मांडणी केली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव सर्व शिक्षणाचा भाग असावा असे सुचवले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्यासाठी सांगितलेले आहेत. तीन वेळा एकच गोष्ट सांगावी लागली! मधल्या काळात शाळांतून काय झाले? शनिवारी शेवटचा तास, रंगीत कागदाची फुले, आगपेटीच्या काड्यांचे घर, आणि सर्वांना ‘अ’ श्रेणी. फुलांविषयी आमचा राग नाही. त्या तासात कोणी काही मोजले नाही, काही फसले नाही, फसले तर का फसले हे कोणी विचारले नाही, याचे वाईट वाटते. हाताचे काम विज्ञानापासून तोडले की त्याची करमणूक होते, आणि विज्ञान हाताच्या कामापासून तोडले की त्याचे पाठांतर होते.

वाडा हीच कार्यशाळा

आता पुन्हा विंचूरला येऊ. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांच्यापासून विंचूरकर हे नाव मराठ्यांच्या इतिहासात आले. १७६१च्या पानिपतात ते होते आणि तेथून परतले. विंचूरकरांचा वाडा म्हटले की बहुतेक वाचकांना पुण्याचा वाडा आठवतो, कारण तेथे टिळक राहत, १८९२ साली स्वामी विवेकानंद तेथे त्यांच्याकडे उतरले आणि १८९४ साली सार्वजनिक गणपती बसला. त्याच वाड्यात टिळक कायद्याचा वर्ग चालवीत. जुन्या वास्तूतला तोही एक व्यवसायवर्गच. लोकांना उत्सव आठवतो, वर्ग आठवत नाही.

विंचूरकडच्या शिक्षकाला जुन्या पद्धतीचे बांधकाम शोधायला पुण्याला जायला नको. गावातली जुनी घरे आहेत, चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, नाशिकला सरकारवाडा आहे. नेहमीच्या सहलीत मुले तेथे सनावळ्या उतरवून घेतात. आमची सूचना अशी की एक खेप फक्त भिंत पाहायला जावे.

भिंत किती जाड आहे? दोन-अडीच फूट जाडीची भिंत दुपारचे ऊन शोषते, आणि ती उष्णता आतल्या पृष्ठभागापर्यंत पोचायला आठ-दहा तास किंवा अधिक लागतात. तोवर रात्र होते, आणि खिडक्या उघड्या असल्या की ती बाहेर जाते. काचेच्या दुकानात हा अवधी जवळजवळ शून्य. दोन्ही ठिकाणी ‘भिंत’ हाच शब्द आपण वापरतो.

दगड किंवा विटा कशाने जोडल्या आहेत? चुन्याने. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ४४ ग्रॅम वायू जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. कळीच्या चुन्यात पाणी घातले की तो फसफसून तापतो आणि विरतो. हा विरलेला चुना वाळूत मिसळून भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत निघून गेलेला वायू भिंतीत परत येतो, मात्र त्याला महिने आणि वर्षे लागतात. घाई करून चालत नाही, हे जुने गवंडी जाणत होते. रासायनिक समीकरण त्यांना कोणी दाखवले नव्हते. आणि आपण समीकरण दाखवतो, पण चुना दाखवत नाही.

जुन्या भिंतीची डागडुजी सिमेंटने केलेली दिसेल. ती जागा मुलांना आवर्जून दाखवावी. चुन्याचा दर्जा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीत चढलेली ओल त्याच्यातून बाहेर पडते. सिमेंटचा थर कठीण आणि घट्ट. ओल अडते, शेजारच्या विटेतून वाट काढते, पाणी उडून गेले की क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक वाढतात, आणि वीट पापुद्र्यांनी सुटू लागते. पुष्कळदा सिमेंटची रेघ शाबूत आणि तिच्या दोन्ही बाजूंची वीट झिजलेली असते. दुरुस्ती टिकली, भिंत गेली! जतनाचे शिक्षण आणि धंद्याचे शिक्षण वेगळे केले की काय होते, ते या एका रेघेत दिसते. वास्तू जपावी असे वाटणाऱ्याला चुना येत नाही, आणि ज्याच्या हातात थापी आहे त्याला चुना का हे कोणी सांगितलेले नाही.

वर्गात करण्याजोगा प्रयोग असा. पानाच्या दुकानातला भिजवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू तीन भाग, थोडे पाणी घालून घट्ट मळावी. हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी आणि डोळे जपावेत. कळीचा चुना विरवण्याचे काम मात्र मुलांकडे देऊ नये. बाटल्यांच्या बुचांत दाबून वीस-पंचवीस वड्या पाडाव्यात. निम्म्या वड्या सावलीत उघड्या ठेवून अधूनमधून पाणी शिंपडावे, निम्म्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. दर आठवड्याला प्रत्येकी एक वडी मोडावी आणि ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीनचा थेंब टाकावा. जेथे चुना अजून चुनाच आहे तेथे गुलाबी रंग येतो. जेथे त्याची चुनखडी झाली तेथे रंग येत नाही. उघड्या वडीच्या कडेला बिनरंगी कडे दिसू लागेल आणि ते आठवड्यागणिक आत सरकेल. त्याची रुंदी पट्टीने मोजून आलेख काढावा. डब्यातली वडी गुलाबीच राहील. एखाद्या जुन्या भिंतीचा आपोआप गळून पडलेला तुकडा मालकाच्या परवानगीने मिळाला, तर त्यावरही थेंब टाकून पाहावा. भिंत मात्र खरवडू नये. जमले तर त्या दिवशी गावातल्या एखाद्या वयस्क गवंड्याला वर्गात बोलवावे, आणि त्याच्यासाठी खुर्ची फळ्याजवळ ठेवावी.

दुसरा प्रयोग तापमापकांचा. एक वाड्याच्या आत, एक बाहेर सावलीत, आणि एक हमरस्त्यावरच्या त्या काचेच्या दुकानात. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दर तासाची नोंद. तापमापक भिंतीपासून किंवा काचेपासून हातभर दूर टांगावा, पंख्याचा झोत त्यावर येऊ देऊ नये. दुकानदाराची परवानगी आम्ही काढलेली आहे. फक्त नोंदवहीची एक प्रत त्याला हवी आहे, आणि दुकानातला तापमापक बिलाच्या टेबलाजवळ टांगावा असे त्याचे म्हणणे आहे. तो स्वतः दिवसभर तेथेच बसतो.